छोट्या बी.एड. कॉलेजात आठ माणसं नेमकं काय करतात?

बी.एड. सीईटीचा निकाल लागला की कोल्हापुरात ठरलेले प्रश्न ऐकू येतात. फी किती, होस्टेल आहे का, गगनबावड्याहून किंवा राधानगरीहून रोज जाऊन-येऊन जमेल का, स्टँडपासून कॉलेज किती लांब. गेली एक-दोन वर्षं त्यात आणखी प्रश्नांची भर पडली आहे. बी.एड. एक वर्षाचं होणार म्हणतात, खरं का? बारावीनंतरचा चार वर्षांचा कोर्स आला म्हणतात, मग आता हे करावं की नको?

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी विचारत नाही: शिकवणार कोण? कॉलेजची वेबसाइट उघडली की ‘विभाग’ नावाचं पान दिसतं. भाषा विभाग, सामाजिक शास्त्रं विभाग, विज्ञान-गणित विभाग, मानसशास्त्र विभाग. वाचणाऱ्याला वाटतं, मोठ्या कॉलेजात असतात तसे हे विभाग असणार, प्रत्येकात चार-पाच प्राध्यापक आणि एक विभागप्रमुख. एकेका विभागावर टिचकी मारत गेलं की लक्षात येतं, बहुतेक विभागांत एकच नाव आहे. कुठे दोन. आणि एखादं नाव तर दोन-दोन विभागांत.

यात फसवणूक असेलच असं नाही. छोट्या बी.एड. कॉलेजची रचनाच तशी असते. ती समजली तर ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजांचा क्रम लावणं सोपं जातं. मी हायस्कूलमध्ये शिकवते, आमच्या शाळेत दरवर्षी बी.एड.चे विद्यार्थी सरावाला येतात. कोणत्या कॉलेजात माणसं पुरेशी आहेत आणि कुठे नाहीत, हे त्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या पाठातच कळतं. म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटला.

छोटं म्हणजे किती छोटं?

देशातल्या सगळ्या बी.एड. आणि डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) कॉलेजांना मान्यता देणारी केंद्रीय संस्था म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. सगळे तिला एनसीटीई म्हणतात. तिचा कायदा १९९३ चा आणि प्रत्यक्ष कारभार १९९५ पासूनचा. सध्याची बी.एड. कॉलेजं तिच्या २०१४ च्या नियमांवर उभी आहेत. त्याच नियमांनी २०१५ पासून बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं.

या नियमांत ५० विद्यार्थ्यांचा गट हे मूळ माप आहे. त्याला युनिट म्हणतात. एका युनिटचं कॉलेज म्हणजे पहिल्या वर्षाला ५०, दुसऱ्या वर्षाला ५०, एकूण १००. अशा कॉलेजला प्राचार्य धरून किमान आठ पूर्णवेळ अध्यापक लागतात. दोन युनिटं असतील, म्हणजे एकूण २०० विद्यार्थी असतील, तर सोळा.

म्हणजे एका युनिटच्या कॉलेजात सगळे मिळून आठ जण. शहरातल्या मोठ्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात कधीकधी एकट्या रसायनशास्त्राला एवढी माणसं असतात.

बी.एड. कॉलेजला जाब विचारणारे तीन ठिकाणी बसलेले असतात, हेही माहीत हवं. मान्यता एनसीटीईची. संलग्नता, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाची. अध्यापकाच्या नेमणुकीला मंजुरीही विद्यापीठच देतं, कॉलेजच्या बोलण्यात ज्याला ‘अप्रूव्हल’ म्हणतात. आणि सीईटी, प्रवेश फेऱ्या, अनुदानित कॉलेजातले पगार हे राज्य सरकारकडे. एखादी जागा रिकामी राहिली की या तिघांपैकी कुणाकडे घोडं अडलंय, हे बाहेरच्याला कळणं अवघड असतं.

आठांची वाटणी

नियमांत सोळा जणांची वाटणी दिली आहे. एक प्राचार्य. चार जण शिक्षणाची तात्त्विक बाजू शिकवणारे, म्हणजे शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मुलांचं मानसशास्त्र, समाज आणि शाळा यांचं नातं. आठ जण अध्यापन पद्धतीचे, भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांच्यासाठी. आणि उरलेले तीन आरोग्य व शारीरिक शिक्षण, चित्रकला-हस्तकला, आणि संगीत-नाट्य यांचे प्रत्येकी एक.

एका युनिटच्या कॉलेजात हे सगळं आठ जणांत बसवायचं असतं. वेबसाइटवरचे विभाग इथून येतात. ‘विज्ञान विभाग’ म्हणजे विज्ञान कसं शिकवायचं हे शिकवणारे एक सर किंवा मॅडम. त्या रजेवर गेल्या की विभाग रजेवर गेला. त्या निवृत्त झाल्या आणि जागा भरली नाही, तर वेबसाइटवर पाटी राहते आणि विभाग उरत नाही.

प्राचार्यांसाठी अटी जास्त कडक आहेत: विषयातली पदव्युत्तर पदवी, एम.एड., पीएच.डी. आणि बी.एड. कॉलेजात शिकवण्याचा किमान आठ वर्षांचा अनुभव. अध्यापन पद्धती शिकवणाऱ्यांना विषयात एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यावर एम.एड. लागतं, दोन्हीकडे ५५ टक्के. हा दुहेरी पदवीचा आग्रह मला फार योग्य वाटतो. भूगोल शिकवायचा कसा हे सांगणाऱ्याला आधी भूगोल यायला हवा.

मेथड म्हणजे काय, आणि तिचा माणूस का लागतो

बी.एड.चे विद्यार्थी आपसांत पहिला प्रश्न विचारतात, ‘तुझी मेथड कुठली?’ मेथड म्हणजे अध्यापन पद्धती. बी.ए. मराठी झालेल्याची मराठी, बी.एस्सी. झालेल्याची विज्ञान किंवा गणित. पुढे शिक्षक भरतीत आपला विषय कोणता धरला जाणार, ते पदवीचा विषय आणि ही मेथड यांवर बऱ्याच अंशी ठरतं. मेथड शिकवणाऱ्या अध्यापकाला मेथड मास्टर म्हणायची पद्धत आहे. बाई असल्या तरी तोच शब्द चालतो.

मेथड मास्टरचं काम व्याख्यान देण्यापुरतं असतं, असं बाहेरून वाटतं. त्यांचं खरं काम पाठाभोवती असतं. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारा विद्यार्थी, शाळेत जाऊन एक तास शिकवतो, त्याला पाठ म्हणतात. पाठाच्या आधी टाचण लिहायचं: आज मुलांना काय समजायला हवं, सुरुवात कशाने, फळ्यावर काय, प्रश्न कोणते, शेवटी समजलं की नाही ते कसं तपासायचं. हे टाचण मेथड मास्टर आधी वाचतात, दुरुस्त करतात. मग पाठ चालू असताना मागच्या बाकावर बसून निरीक्षण करतात आणि नंतर अभिप्राय देतात.

एक उदाहरण घेते. आठवीचा भूगोल, ‘स्थानिक वेळ व प्रमाणवेळ’. छात्राध्यापिका पृथ्वीगोल घेऊन आली आहे. एक रेखांश म्हणजे चार मिनिटं, हे तिने फळ्यावर छान लिहिलं, दोन गणितं सोडवली, मुलांनी वहीत उतरवून घेतली. तेवढ्यात एक मुलगा विचारतो, ‘मॅडम, नागपूरला आपल्या आधी उजाडतं म्हणता, मग घड्याळात एकच वेळ कशी?’ ती गोंधळते आणि म्हणते, ‘ते पुढे येणार आहे.’

मागे मराठीच्या मेथड मास्टर बसल्या असतील तर अभिप्रायात काय येईल? आवाज चांगला, फळ्याचा वापर नीटनेटका, वर्गावर नियंत्रण बरं. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण पाठ कुठे फसला ते त्यांना दिसणार नाही. भूगोलाच्या मेथड मास्टर असतील तर मुलाच्या त्या प्रश्नावरच बोट ठेवतील. धडा तोच तर होता! कोल्हापूर साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आणि नागपूर ७९ वर. पाच अंशांचा फरक, म्हणजे सूर्य दोन्हीकडे डोक्यावर येण्यात वीसेक मिनिटांचं अंतर. पण दोघांचं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर लावलेलं. त्या म्हणतील, चार मिनिटांचं सूत्र आधी देऊ नकोस. आधी विचार, नागपूरच्या मावशीला फोन केला तर तिथे अंधार पडलेला असतो आणि आपल्याकडे अजून उजेड, असं कधी झालंय का. मुलं बोलतील. मग पृथ्वीगोल काढ. मग सूत्र. आणि मुलाने असा प्रश्न विचारला तर पुढचं टाचण बाजूला ठेव.

टाचणाच्या वहीत लाल शाईने लिहिलेली अशी तीन वाक्यं छात्राध्यापिकेला जन्मभर पुरतात. ही वाक्यं लिहायला त्या विषयाचं आणि वर्गाचं, दोन्हींचं भान असलेला माणूस मागच्या बाकावर बसलेला हवा. छोट्या कॉलेजात प्रत्येक जागेला एवढं महत्त्व असतं ते यामुळे.

पाठांचा हिशेब

समजा, पहिल्या वर्षाच्या ५० जणांनी प्रत्येकी दहा पाठ घ्यायचे आहेत. एकूण पाचशे पाठ. एका पाठामागे टाचण वाचायला वीस मिनिटं, निरीक्षणाला पस्तीस, बोलायला दहा, असा तास तरी जातो. प्राचार्य सोडून सात जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सत्तर पाठ. चारच जण असतील तर सव्वाशे. शिवाय स्वतःची व्याख्यानं, दुसऱ्या वर्षाचे ५० जण, अंतर्गत गुण, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे कागद. सव्वाशे पाठ मनापासून बघणं माणसाच्या आवाक्यातलं राहत नाही. मग एका वेळी दोन-तीन वर्गांत डोकावणं सुरू होतं, टाचणावर नुसती सही होते, आणि अभिप्रायाच्या रकान्यात ‘चांगला प्रयत्न’ एवढंच येतं. आमच्या शाळेत आलेल्या टाचणवह्यांत मी ‘चांगला प्रयत्न’ पानोपानी पाहिलं आहे. त्या मुलांचा काही दोष नव्हता. त्यांच्या अध्यापकांचाही फारसा नसावा.

यावर छात्रसेवाकालाचं ओझं वेगळं. त्यालाच इंटर्नशिप म्हणतात. दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे शाळेत राहायचं, त्यातले बहुतेक दुसऱ्या वर्षात. पाठ घ्यायचे, परिपाठ घ्यायचा, पालकसभा, सहल, परीक्षा, सगळ्यांत असायचं. एवढा काळ विद्यार्थी वेगवेगळ्या हायस्कूलांत पांगलेले असतात. कुणी शहरात, कुणी करवीर तालुक्यात, कुणी पन्हाळ्याच्या वाटेवर. त्या सगळ्यांकडे फिरून यायला माणसं लागतात. ती नसतील तर छात्राध्यापक हा शाळेला गैरहजर शिक्षकाच्या तासाला पाठवायचा फुकटचा माणूस होऊन बसतो.

कला, खेळ, ग्रंथालय, ऑफिस

चित्रकला, संगीत-नाट्य आणि शारीरिक शिक्षण यांच्या जागा बऱ्याचदा अर्धवेळ किंवा मानधनावर भरलेल्या असतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नाट्य आणि कला हा स्वतंत्र भाग आहे, पाठ्यांशाचं वाचन, संगणकाचा वापर आणि स्वतःची ओळख यांच्या जोडीला. मानधनावरचे शिक्षक आठवड्यातून दोनदा येऊन हे काम छान करू शकतात, याबद्दल मला शंका नाही.

ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, हिशेब बघणारे, टंकलेखक, शिपाई, हेही नियमांत धरलेले आहेत. त्यातही ऑफिसमधल्या लिपिकाचं महत्त्व प्रवेश घेणाऱ्याला उशिरा कळतं. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत पुढे गेला की नाही, विद्यापीठाची पात्रता मिळाली की नाही, परीक्षा अर्जात मेथड बरोबर टाकली की नाही, सगळं त्या एका टेबलावर असतं. ग्रामीण भागातून आलेल्या मुलीची शिष्यवृत्ती अडकली तर तिचं दुसरं वर्ष धोक्यात येतं.

एक सूचना करावीशी वाटते: वेबसाइटवरच्या समित्यांना विभाग समजू नका. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, तक्रार निवारण समिती, प्लेसमेंट कक्ष, माजी विद्यार्थी संघ अशी दहा-पंधरा नावं असतात. त्यांत पुन्हा तेच आठ जण असतात. समित्यांची यादी लांब म्हणून माणसं जास्त, असं नसतं.

जागा रिकामी राहिली की काय होतं

आपल्याकडे गुऱ्हाळघर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथे चरक्याला ऊस लावणारा, चुलवाणात जाळ घालणारा, काहिलीतला रस ढवळणारा, सगळे लागतात. पण पाक कधी उतरवायचा हे गुळव्यालाच कळतं. तो आला नाही म्हणून जाळ घालणाऱ्याला त्याच्या जागी उभं केलं, तर काहील तीच, ऊस तोच, आणि गूळ बिघडलेला. बी.एड. कॉलेजात गणिताच्या मेथडचा तास इतिहासवाल्या सरांकडे दिला जातो तेव्हा असंच होतं. वेळापत्रकात तास भरलेला दिसतो.

जागा रिकाम्या का राहतात? अनुदानित कॉलेजात पगार सरकार देतं, त्यामुळे निवृत्ताची जागा भरायला सरकारची परवानगी लागते, आणि ती रखडते. तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे देऊन माणूस नेमतात. विनाअनुदानित कॉलेजात पगार फीमधून निघतो. विद्यार्थ्यांच्या जागा भरल्या नाहीत तर फी कमी पडते, फी कमी पडली की पगार थकतात, पगार थकले की चांगला माणूस दुसरीकडे जातो. प्राचार्यांची जागा भरायला तर पीएच.डी. आणि आठ वर्षांच्या अनुभवाचा माणूस शोधावा लागतो. मग ‘प्रभारी’ हा शब्द नावाआधी लागतो आणि बरीच वर्षं राहतो. प्रभारी असणारे अध्यापक बहुतेकदा एखाद्या मेथडचेच असतात, म्हणजे त्या मेथडलाही वेळ कमी पडतो.

‘शेवटी डिग्रीच तर लागते ना?’

हा प्रश्न मला पालकही विचारतात आणि विद्यार्थीही. नोकरीला बी.एड.चं प्रमाणपत्र लागतं, आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास लागते, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर निवड होते. मग कॉलेजात कुणी काय शिकवलं याने काय फरक पडतो?

निवडीपर्यंत फरक कमी पडतो, हे मान्य. पण निवड झाल्यावर समोर चाळीस-पन्नास मुलं असतात. त्यांचं ते वर्ष परत येत नाही. नव्या शिक्षकाला पहिल्या दोन वर्षांत शाळेत कुणी मागच्या बाकावर बसून बघत नाही. ती संधी आयुष्यात बी.एड.मध्येच मिळते.

कायद्यातले बदलही लक्षात घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल दिला. त्या वर्गांना डी.एल.एड. लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हायला हवं, असं सांगितलं. म्हणजे बी.एड. झालेल्याची वाट आता सहावीपासून पुढे, जिथे विषय वेगवेगळे होतात आणि विषयाची पकड लागते. मेथडचं महत्त्व त्यामुळे वाढलंच आहे.

‘यूट्यूबवर सगळं मिळतं’

शिकवण्याचे उत्तम नमुने मिळतात, हे खरं आहे, आणि ते बघावेत. पण तुमचा पाठ बघून, तुम्ही प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी क्षणभरही थांबत नाही, हे कुठलाही व्हिडिओ सांगणार नाही. स्वतःची ही सवय स्वतःला दिसत नाही.

‘कॉलेजला न जाता बी.एड. होतं म्हणतात’

होतं असं लोक म्हणतात, आणि तशा ठिकाणी जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. नियम काय आहे तेवढं माहीत असू द्या: वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास, अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि छात्रसेवाकालाला ९० टक्के उपस्थिती. हजेरीची सूट देतो असं जिथे सांगितलं जातं, तिथे आठ माणसं ठेवण्याची गरजच उरलेली नसते. फी मात्र तुम्ही पूर्ण भरत असता.

‘मग छोटं कॉलेज टाळावं का?’

नाही, मुळीच नाही. आठही जागा भरलेलं छोटं कॉलेज मला मोठ्यापेक्षा आवडतं. तिथे प्राचार्यांना प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव माहीत असतं, तो कुठल्या गावाहून येतो, घरी काय अडचण आहे, हेही. मानसशास्त्राच्या मॅडम आणि विज्ञानाचे सर एकाच खोलीत डबा खातात, त्यामुळे एखादी मुलगी वर्गासमोर उभी राहिली की घाबरते ही गोष्ट दुपारपर्यंत दोघांनाही कळलेली असते. तासिका तत्त्वावरचे अध्यापकही कमी प्रतीचे असतात असं नाही. कित्येक जण नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेले, जीव तोडून शिकवणारे असतात. त्यांची नेमणूक वर्षभरापुरती असते, आणि पहिल्या वर्षी ज्याने टाचण सुधारलं तो दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपला दिसत नाही, इथे नुकसान होतं.

हे दुखणं जुनं आहे

देशातल्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात काम केलं. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या आयोगाने लिहून ठेवलं होतं की शिक्षक घडवणाऱ्या संस्था एकाकी पडल्या आहेत. त्या विद्यापीठाच्या ज्ञानव्यवहारापासून तुटल्या आहेत, शाळांच्या रोजच्या अडचणींपासून तुटल्या आहेत आणि एकमेकींपासूनही. आठ जणांच्या कॉलेजात भूगोलाच्या मेथड मास्टरना भूगोलावर बोलायला दुसरा माणूस नसतो, हे त्या एकाकीपणाचंच एक रूप.

पुढे महाराष्ट्रातल्याच खासगी डी.एड. (आताचं डी.एल.एड.) कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. अभ्यासक्रमाचा काळ वाढवा आणि या संस्था इतर विषयांच्या सहवासात आणा, असा त्याचा रोख होता. दोन वर्षांचं बी.एड. त्यानंतरच आलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच्या पुढची पायरी सांगितली. एकट्या उभ्या असलेल्या बी.एड. कॉलेजांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हायचं, म्हणजे कला-विज्ञान-वाणिज्याच्या कॉलेजाशी जोडून घ्यायचं किंवा स्वतः तसं व्हायचं. बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक कोर्स २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरूही झाला. २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. परत आणायचं म्हटलं आहे. ‘एक वर्षाचं होणार’ ही चर्चा तिथून आली. साध्या तीन वर्षांच्या पदवीवर ते एका वर्षात होणार, असा त्याचा अर्थ नाही.

जोडून घेण्याची कल्पना मला पटते. भूगोलाच्या मेथड मास्टरना शेजारच्या इमारतीत भूगोल विभाग मिळाला, तिथली ग्रंथसंपदा मिळाली, तर कोठारी आयोगाने दाखवलेली पहिली फट बुजेल. भीती एवढीच वाटते की मोठ्या कॉलेजात गेल्यावर मेथडच्या जागा ‘विषयाचे प्राध्यापक आहेतच की’ म्हणून वगळल्या जातील. भूगोलाचा उत्तम प्राध्यापक आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून टाचण तपासायला येणार नाही, ते त्याचं कामही नाही. आणि एका वर्षात सगळं बसवायचं ठरलं, तर कमी दिवसांत तेवढेच पाठ बघायला माणसं जास्तच लागतील.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

एनसीटीईच्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजने आपल्या वेबसाइटवर अध्यापकांची माहिती पात्रता, वेतनश्रेणी आणि फोटोसह द्यायची असते. गेल्या तीन महिन्यांत कोण रुजू झालं आणि कोण सोडून गेलं, तेही. आधी हे पान शोधा. ते सापडलंच नाही, किंवा खूप जुनं असलं, तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं. सापडलं तर तुमच्या मेथडसमोर कुणाचं नाव आहे ते बघा, आणि त्या व्यक्तीची एम.ए. किंवा एम.एस्सी. त्याच विषयातली आहे का तेही. एकच नाव किती ठिकाणी येतं ते मोजा. प्राचार्य कायम आहेत की प्रभारी, ते बघा.

मग एक फेरी कॉलेजात मारा, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी. ऑफिसमध्ये विचारा, माझ्या मेथडला पूर्णवेळ अध्यापक आहेत का, विद्यापीठाची मंजुरी आहे का, इंटर्नशिपला कोणत्या शाळा असतात. हे विचारण्यात संकोच बाळगू नका. दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी भेटला तर त्याची टाचणवही बघायला मागा. वहीत लाल शाई कुठे कुठे आहे आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा. जमलं तर इंटर्नशिपच्या एका शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, अमुक कॉलेजचे अध्यापक पाठ बघायला येतात का, आणि किती वेळ बसतात. आम्ही शाळेतली माणसं हे खरं सांगतो, कारण ते वर्ग आमच्याच मुलांचे असतात.